काढला की फिरवायचा

फोटोकाका कॅमेरा घेऊन दुकानाबाहेर आले की शेजारचा शिंपी मशिनीवरून उठून आत जायचा. माणूस तसा जिवाभावाचा, चहा अर्धा अर्धा वाटून पिणारा. पण या बाबतीत तो मुलाहिजा ठेवत नसे. "काका, तुमचा तो डबा चुकून जरी माझ्याकडे वळला, तर तुमच्या सगळ्या पँटी बसल्या जागी उसवतील अशी शिवण घालीन," असं त्याने एकदा तोंडावरच सांगून टाकलं होतं.

डबा म्हणजे खरोखरच डबा. तरुणपणी भंगाराच्या गाडीवरून उचललेला, पुठ्ठ्याचा आणि पत्र्याचा, कोपऱ्यांवरचं काळं रेक्झिन कधीच निघून गेलेलं. एकच खटका, एकच वेग. मूळची काच लांबचं बघणारी, जवळचा चेहरा तिच्यात पुसटच यायचा. मग काकांनी आईच्या जुन्या चष्म्यातली एक काच काढून चिकटपट्टीने पुढे लावली. ती काच जिथे नीट बघते तेवढ्या अंतराची सुतळी डब्याला बांधली. फोटो काढताना सुतळीचं टोक समोरच्याच्या नाकाला टेकवायचं, मग सोडून द्यायचं. नवखं माणूस हमखास हसायचं, "काका, नाकात वेसण घालताय की काय?" फोटो हातात पडला की मात्र हसणं बंद व्हायचं.

कारण त्या फोटोत माणूस सापडायचा. काका गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवत, पाठीमागे काळा पडदा, एका अंगाला दाराचा उजेड, दुसऱ्या अंगाला पांढरी चादर. मग अगदी सहज विचारत, "घराला कुलूप लावलंत का?" झालं! माणूस फोटो विसरून मनाने घरी जायचा, कडीकोयंडा चाचपून यायचा, आणि हुश्श करून परत यायचा. त्या परत येण्याच्या क्षणाला काका खटका दाबत. महागड्या कॅमेऱ्यांची दुकानं गावात होती, मोबाइल तर शेंबड्या पोरांच्याही हातात होता. पण घरोघरी एकच रड होती: फोटो हजार आहेत, आणि भिंतीवर लावावा असा एक नाही.

आणि इथेच सगळी गोम होती. भिंतीवर लावण्याजोगा फोटो माणसाला कधी आठवतो? घरातलं म्हातारं माणूस खोकायला लागलं की! लेकी-सुना हाताला धरून म्हाताऱ्यांना काकांकडे आणत, स्टुलावर बसवत, आणि थोड्याच काळात तो फोटो भिंतीवर जाई. म्हातारी माणसं जायचीच, त्यात कॅमेऱ्याचा काय दोष? पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? काकांना पाठीमागे 'निरोप्या' म्हणू लागले. निरोप्या आला, निरोप देऊन गेला. काका पहिल्यांदा ऐकून हसले होते. चांगलं नाव आहे, म्हणाले होते.

त्यांचं हसणं संपलं ते पोस्टमनमुळे. तरणाबांड गडी, रोज सायकलवरून शीळ घालत यायचा. एक दिवस दुकानात शिरून म्हणाला, "काका, काढा माझा फोटो. बघू कोण नेतंय मला. लोकांची तोंडं बंद करू." काकांनी काढला. फार सुंदर आला होता. शीळ घालायला ओठ जमवलेले, शीळ अजून फुटायची आहे असा. तो फोटो न्यायला पोस्टमन आला नाही. वळणावर ट्रकने त्याला गाठलं. फोटो न्यायला त्याची बायको आली, आणि नुसती काकांच्या हातांकडे बघत राहिली. काका तिथेच मोडले. त्या दिवसापासून त्यांना त्या डब्याची भीती वाटू लागली, खरी भीती. कोणी समजावलं तर ते मान डोलावत, हो हो म्हणत, आणि घरच्या एकाही माणसाकडे डबा वळवत नसत. लेकीच्या लग्नाचे फोटो दुसऱ्याने काढले. काकूंचा तर एकच फोटो होता, ओळखपत्रावरचा, तोही दुसऱ्या दुकानातला, चोरी करताना धरल्यासारखा.

वास्तविक फोटो हा दोघांचा धंदा होता. खटका काकांचा, धुणं काकूंचं. दुकानामागच्याच घरात न्हाणीघराला काळे पडदे लावून त्या अंधारात फिल्म धुवत, दोन्ही हातांनी फिल्मची दोन टोकं धरून रसायनातून खालीवर ओढत, ओठांत आकडे मोजत. काका त्या कामात अगदीच ढ. एकदा त्यांनी धुतलेल्या फिल्मवर अंगठ्याचा ठसा असा उमटला होता की काकू म्हणाल्या, "आता पोलिसांत द्या, सापडेल चोर."

सुरुवातीच्या काळात कधीकधी काकूही खटका दाबत, आणि त्यातूनच तो गाजलेला घोटाळा झाला. त्या डब्यात एक खोड आहे. फोटो काढल्यावर चावी फिरवून फिल्म पुढे सरकवली नाही, तर दुसरा फोटो पहिल्याच्याच उरावर बसतो. काका फोटो काढल्यावर फिरवत, काकू काढण्याआधी फिरवत. एका दुपारी गवळ्याला विकायच्या म्हशीचा फोटो हवा होता, तो काकूंनी काढला. पाठोपाठ वकिलाच्या सासूबाई आल्या, त्यांचा काकांनी काढला. मधे फिरवलं कोणीच नाही. फोटोत सासूबाई गंभीरपणे बसलेल्या, आणि त्यांच्या खांद्यांमागून दोन भरदार शिंगं वर आलेली. वकील दावा लावायला निघाला होता. काकूंनी जाऊन पाय धरले, फुकट दुसरा काढून देतो म्हणाल्या, पण म्हातारी काही त्या स्टुलावर पुन्हा बसली नाही.

तेव्हापासून घरात कायदा झाला: काढला की फिरवायचा. ज्याने खटका दाबला त्याने त्याच दमात चावी फिरवायची, आकाश कोसळलं तरी. पुढे तो कायदा संसारात पसरला. नळ, दिवा, शेगडी, दाराची कडी, सगळ्याला एकच प्रश्न, "फिरवलं का?" लेक सासरी निघाली तेव्हा हुंदके देत गाडीत बसली आणि काच खाली करून म्हणाली, "बाबा, गॅस फिरवा रात्री."

आणि आता काकूंच्या पोटात गाठ निघाली होती.

डॉक्टर तरुण होती, बोलायला मऊ. म्हणाली, "उघडून बघितल्याशिवाय काही सांगता येणार नाही." काकांना पुढचं ऐकूच आलं नाही. उघडून बघणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. डबा वेळेआधी उघडला की उजेड शिरून आतलं सगळं जातं.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी काकू दुकानात येऊन स्टुलावर बसल्या. केस विंचरलेले, निळी साडी. काकांना वाटलं, दमल्या असतील.

"काढा," काकू म्हणाल्या.

"काय?"

"दात. फोटो काढा, दुसरं काय! आयुष्यभर लोकांचे काढलेत, माझा एक काढा."

काकांनी डबा फळीवर मागे सरकवला. "नंतर काढू. तू बरी होऊन ये, मग..."

"आणि नाही आले तर? ते ओळखपत्रावरचं तोंड लावाल भिंतीवर. मेल्यावर तरी लोकांना ते तोंड बघायला लावू नका हो."

काकांनी खूप आढेवेढे घेतले. उजेड नाही म्हणाले, तर दारातून लख्ख ऊन येत होतं. शेवटी त्यांनी डबा उचलला, सुतळीचं टोक काकूंच्या नाकाला टेकवलं, ते दोनदा डोळ्यात गेलं. खटका दाबला, चावी फिरवली. "झाला," म्हणाले.

"काका," काकू शिंप्याची नक्कल करत म्हणाल्या, "मी इतकी वर्षं काय गवत उपटलं? चावी कशी फिरली ऐकलं मी. भुताने फिरवल्यासारखी हलकी. रोल नाही आत. डब्याच्या मागच्या लाल खिडकीत फिल्मचा आकडा कितवा दिसतोय, सांगा बरं?"

खिडकीत आकडा नव्हता. काका पायरीवर बसले आणि त्यांनी सगळं ओकून टाकलं. पोस्टमनच्या बायकोची नजर. तो फोटो. इतकी वर्षं घरातलं कोणी दारात उजेडात उभं राहिलं की छातीत कसं धस्स होतं ते. "मला भीती वाटते गं," ते म्हणाले. "मूर्ख म्हण, काही म्हण. मी तुझा फोटो काढला आणि तू गेलीस, तर मी काय करू?"

काकू हसल्या नाहीत. त्यांनाही भीती वाटत होती, हे काकांना तेव्हा पहिल्यांदा दिसलं. त्यांनी पदर बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

"वकिलाची सासू कशी आहे हल्ली?" त्यांनी विचारलं.

"म्हातारी? ठणठणीत आहे. काल बाजारात भांडत होती. वकील गेला, ही आहे."

"तेच म्हणते मी. तुमच्या स्टुलावर बसून इतकी माणसं गेली. ती एकटी उरली, कारण तिचा फोटो बिघडला. म्हशीच्या शिंगांनी वाचवलं तिला." काकूंनी डबा ओढून घेतला. "रोल भरा. आधी मी तुमचा काढते. फिरवणार नाही. मग त्यावरच तुम्ही माझा काढा. बिघडलेला फोटो कोणाला नेत नाही. आणि न्यायचंच झालं तर दोघांना एकदम न्यावं लागेल, तेवढी काही नेणाऱ्याची ऐपत नाही."

तर्क असा होता की शहाण्या माणसाने कपाळाला हात लावावा. पण भ्यालेल्या माणसाला तर्काची लांबीरुंदी दिसत नाही, त्याला फक्त दार दिसतं. काकांनी रोल भरला, पहिल्या आकड्यावर आणला आणि स्टुलावर बसले. काकूंनी सुतळी त्यांच्या नाकाला लावली. "कुलूप लावलंत का?" त्यांनी विचारलं. "लावलं," काका म्हणाले. "आणि मी नसले तर किल्ली कुठे असते, ठाऊक आहे?" काकांना ठाऊक नव्हतं. खटका पडला.

"ती चादर जरा पुढे घ्या, माझ्या तोंडावर सावली येते," काकू म्हणाल्या. काकांनी उठून चादर ओढली, ती टांगलेली खुर्ची खरखरत सरकवली. वळले तेव्हा काकू डबा त्यांच्यासमोर धरून उभ्या होत्या. डबा देऊन त्या स्टुलावर बसल्या. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा मागच्या खिडकीत बघितलं नाही; बघायचंच नव्हतं. सुतळी नाकाला लावली, या वेळी नीट लागली. काय विचारावं ते सुचेना. काकू त्यांच्याकडे बघत होत्या, काहीतरी गालात धरून ठेवल्यासारख्या. काकांनी खटका दाबला.

भरती झाल्यावर तपासण्यांची रांग लागली. लेक आली होती, ती आईजवळ बसली. काका पलंगाच्या पायाशी उभे राहून पलंगाची चाकं पुढेमागे करत राहिले. शेवटी काकूच वैतागल्या. "इथे उभं राहून नर्सेसच्या पायांत येताय नुसते. उद्या सकाळी ऑपरेशन आहे. घरी जा आणि रोल धुवून टाका. शुद्धीवर आले की मला बघायचाय."

"मी धुवू?"

"नाहीतर काय शिंपी धुणार? हळू ओढा. अंगठा लावू नका."

दुपारी काकांनी न्हाणीघराचे पडदे लावले. गर्द अंधारात फिल्म बोटांतून निसटत होती, रसायनाचा वास नाकात जात होता, आणि काकूंचे आकडे त्यांना आठवत नव्हते. ते नुसते खालीवर ओढत राहिले. मनात एकच घोळत होतं: हे बिघडू दे. देवा, सगळं बिघडू दे.

धुवून झाल्यावर पडदा बाजूला केला आणि फिल्म खिडकीसमोर धरली. पहिल्या चौकोनात ते स्वतः होते, एकटे. त्याच्या खाली दुसरा चौकोन होता. त्यात काकू होत्या, एकट्या.

काकांना आधी कळेचना. काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं उलटं वाचायची त्यांच्या डोळ्यांना सवय होती, तरी त्यांनी फिल्म दोनदा फिरवून बघितली. शिंगं नव्हती. कोणी कोणाच्या उरावर बसलं नव्हतं. मग त्यांना ती चादर आठवली, खुर्चीची खरखर आठवली, आणि काकूंच्या गालातलं ते काहीतरी आठवलं. काकूंनी चावी फिरवली होती. चोरून फिरवली होती, आणि ती चोरी तोंडात धरून त्या नवऱ्याकडे बघत होत्या. जणू त्या नेणाऱ्याला सांगत होत्या, न्यायचं असलं तर मला एकटीला ने, यांना सोड.

असा फोटो काकांनी जन्मात काढला नव्हता. पोस्टमनचाही नाही. म्हणूनच त्यांनी फिल्म डोळ्यांसमोरून खाली घेतली. हा फोटो भिंतीवर लावण्याजोगा होता.

त्यांनी काडेपेटी घेतली. फिल्म पेटते, चरचर करत जाते, क्षणात काही उरत नाही. काडी ओढली, ज्योत त्या चौकोनाखाली आणली आणि त्यांचं मनगट आखडलं. आतून काकू बघत होत्या. काडी बोटाला चटका देऊन विझली. दुसरी ओढली, ती नुसती हातात जळू दिली. जाळणारा हात आपलाच, आणि उद्या सकाळी दवाखान्यात काही झालं तर? तेही आपणच केलं असं होईल. काढलं तरी आपण, जाळलं तरी आपण! काका न्हाणीच्या फरशीवर बसून मोठ्याने रडले. पलीकडे शिंप्याची मशीन थांबली, आणि बराच वेळ सुरू झाली नाही.

मग त्यांना एक गोष्ट सुचली. फिल्म म्हणजे अजून फोटो नव्हे. कागदावर उतरेल तो फोटो. त्यांनी कात्रीने दोन्ही चौकोन सुटे केले. डब्यातले चौकोन मोठे, थेट कागदावर ठेवून छापता येणारे. लाल दिव्याखाली त्यांनी कागद ठेवला, त्यावर काकूंचा चौकोन अंथरला, आणि त्याच्यावर स्वतःचा, थोडा बाजूला सरकवून. वर काच दाबली. पांढरा दिवा दुप्पट वेळ लावला, कारण दोघांमधून उजेड जायचा होता. कागद रसायनात सोडल्यावर आधी काकू वर आल्या, मग त्यांच्या खांद्यामागून, वकिलाच्या सासूच्या शिंगांसारखे, काका.

सकाळी तो फोटो त्यांच्या शर्टाच्या आतल्या खिशात होता. काकूंना आत नेताना लेकीने हात धरला, काकांनी पलंगाची दांडी धरली. "फिरवलं का घरचं सगळं?" काकूंनी विचारलं. "फिरवलं," काका म्हणाले. दार बंद झालं.

ते दार किती वेळ बंद होतं ते काकांनी लेकीला विचारलं नाही आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ करून बसले. आतून कोणी बाहेर आलं की ते अर्धवट उठत. एकदा वॉर्डबॉय पळत आला, त्यांच्याकडे बघितल्यासारखं वाटलं, आणि पुढे गेला. काकांनी खिशावर हात दाबून धरला होता. लेकीला वाटलं, बाबांच्या छातीत दुखतंय. तिने पाणी आणलं, ते त्यांनी तसंच बाजूला ठेवलं.

मऊ बोलणारी डॉक्टर बाहेर आली आणि म्हणाली, गाठ पूर्ण निघाली. तपासायला पाठवली आहे, तिचं पुढे कळेल. पण पेशंट ठीक आहे. लेक रडायला लागली. काकांनी तेव्हा कुठे खिशावरचा हात काढला.

काकू शुद्धीवर आल्या, ओठ ओले करून मागितले, आणि डोळे काकांकडे वळवले. बोलायला वेळ लागला.

"धुतला?"

काकांनी फोटो त्यांच्या तोंडासमोर धरला. काकू बघत राहिल्या. भुवया जवळ आल्या.

"असं कसं? मी तर..." त्या थांबल्या.

"ठाऊक आहे," काका म्हणाले.

"सवयीने झालं," काकू म्हणाल्या. "काढला की फिरवायचा. कायदा तुमचाच."

"हो. माझाच."

काकूंनी परत फोटोकडे बघितलं. पलंगाशेजारचं यंत्र टिकटिक करत होतं. खांद्यामागचा तो पुसट, भेदरलेला म्हातारा त्यांनी बोटाने चाचपला. अंगठा लावला नाही.

"तुम्ही पुसट आलात," त्या हळू म्हणाल्या. "आणि किती घाबरलाय हो यात."

"अजून घाबरलोय. ती गाठ तपासून यायचीय."

"मग बिघडलाच म्हणायचा हा फोटो." काकूंचे डोळे मिटायला लागले होते. "असला गिऱ्हाइकाला देत नाही आपण. मी घरी आले की परत काढा."